ढावलो बंद

भुरीबाई : अन् पोरीनं रडायचं नाही, हे तुले कोणं सांगतलं? साहेबानं?

भीमसिंग : साहेबानं कायले सांगा लागते, काकी? मी सरपंच हावो या तांड्याचा. ढावलो म्हणजे जुनाट रूढी. उद्या माह्या जमनीच्या लग्नाले पुसदहून बीडीओ साहेब येऊन राह्यले, झेडपीचे लोक येऊन राह्यले. त्याईच्यासमोर नवरी पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून गाणं म्हणत रडते, हे चांगलं दिसते काय?

भुरीबाई : माह्या लग्नात मी रडली. तुह्या मायनं तर असा ढावलो म्हटला का जाणारे गडी थांबले. तिले पाहाले कोणी साहेब आला नव्हता, म्हणून चाललं असंन.

भीमसिंग : थो जमाना गेला. तेव्हा आपले लोक बैलाईवर मीठ लादून मुलूखभर फिरत. आता एका जागी राह्यतो, वावर कसतो, मत देतो. समाज पुढं न्यायचा हाय.

भुरीबाई : ने ना. पोट्टीचं तोंड दाबून काहून नेतं?

भीमसिंग : तोंड कोण दाबून राह्यलं? यवतमाळहून कर्णा सांगतला मी. रेकॉर्डी लागतीन. जमनी लुगडं नेसंन, खुर्चीवर बसंन. फेटिया-कांचळीचा जुना पेहराव नाही, सासरी निघताना बैलावर उभं राहणं नाही. साहेब दोन शब्द बोलतीन, हार घालतीन, झालं.

भुरीबाई : लग्न हाय का झेंडावंदन?

भीमसिंग : तुले नाही समजत, काकी.

जमनी : बा, लुगडं नेसते मी. खुर्चीवर बसते. साहेबाले नमस्कार करते. ढावलो तेवढा म्हणू दे.

भीमसिंग : सातवी शिकलेली पोरगी तू. तुले लाज नाही वाटत?

जमनी : पुढं शिकू दिलं असतं तर वाटली असती कदाचित.

भीमसिंग : काय म्हटलं?

भुरीबाई : आयकू आलं तुले. पोट्टीले यवतमाळले मास्तरणीच्या शिक्षणाले धाडतो, असं तांडाभर सांगत हिंडला. अन् दिली कोणाले? देवीलालच्या पोराले. चौथी नापास. सांजच्याले दारूच्या भट्टीवरून दोघं धरून आणतात त्याले घरी.

भीमसिंग : देवीलाल मोठा माणूस हाय.

भुरीबाई : हाय ना. तुले झेडपीचं तिकीट देणारा हाय.

भीमसिंग : घेईन मी तिकीट. कायले लपवू? निवडून आलो तर तांड्याले सडक येईन, विहीर येईन, पोरीईची शाळा येईन.

भुरीबाई : पोरीईची शाळा म्हणे. इथंच थुंकली असती मी, पण लग्नासाठी घर सारवलं हाय.

भीमसिंग : बरं, जमने. म्हणायचंच असंन तर काय म्हणणार, थे इथं सांग. मी आयकतो. मंग ठरवतो.

भुरीबाई : ढावलो काय अर्ज हाय, तू पास कराले? नवरीच्या मनात असंन थे ती म्हणते. त्या घडीले तिले बाप गप म्हणत नाही, तांड्याचा नाईक गप म्हणत नाही. बाईले जनमभरात तेवढी एकच वेळ भेटते. इची याडी, जन्माची माय, जिवंत नाही, म्हणून मी बसून शिकवला इले. शब्द मात्र इचे हायेत.

जमनी : राहू दे, दादी. सांगते. 'बा, तू भाषण केलं, पहिली टाळी मी वाजवली. बा, लोकाईच्या पोरी शाळेत धाडल्या तू, माही पाटी कोनाड्यात ठेवली. बा, बैल विकतानाही तू घेणाऱ्याची दावण पाहून येतं. माह्यासाठी कोणाची दावण पाहिली, बा?'

भीमसिंग : हे नाही चालणार.

भुरीबाई : का? खोटं हाय?

भीमसिंग : खरं-खोट्याचं नाही, काकी. देवीलाल समोर बसला असंन. जमने, शाळेचं काढ. दावणीचं काढ. 'बा, तुह्या घरी सुखात होती,' एवढं म्हण अन् रड थोडीशी. तेवढं चालंन.

भुरीबाई : अस्सं. म्हणजे रूढी वाईट नव्हती, भीम्या. तुले आयकाचं नव्हतं. मी बावळट, मले वाटलं खरंच सुधारला.

जमनी : ठीक आहे, बा. नाही म्हणत.

भीमसिंग : हां. शहाणी हाय माही पोरगी.

जमनी : काहीच नाही म्हणत. रडतही नाही, तुह्या गळ्यातही पडत नाही. उंबरा ओलांडते अन् चालली जाते.

भीमसिंग : म्हणजे?

जमनी : तूच म्हणतं ना, जुनाट रूढी आहे.

भीमसिंग : अवं, पण बापाले भेटाले तरी... काकी, सांग ना इले. न रडता पोरगी गेली तर लोक काय म्हणतीन?

भुरीबाई : काय म्हणतीन? ज्या पोरीचा बाप मेला, ती घराच्या मेढीले मिठी मारून रडते. इचा बाप समोर उभा, अन् ही कोरडी गेली, असं म्हणतीन. साहेबाले काही समजणार नाही, थो घालंन हार. तांड्याले बरोब्बर समजंन.

भीमसिंग : जमने, दोन ओळी म्हण. तुह्या मनातल्याच म्हण. जा, दावणीचंही म्हण. देवीलालचं मी पाहून घेईन.

जमनी : आता नाही येत, बा. म्हणायचं होतं थे तुह्यासमोर म्हटलं, अन् तू त्यातलं काय काढायचं थे सांगत बसला. हळदीच्या बाया खोळंबल्या आहेत, मी जाते.

(जमनी बाहेर जाते.)

भीमसिंग : काकी, उद्या मीच पडलो तिच्या गळ्यात, अन् मीच म्हटला ढावलो, तर?

भुरीबाई : काय म्हणशीन? बाप्याईले ढावलो कोणं शिकवला हाय?