प्रिंटरच्या हेडात काय ओतलंत?

— नाय गुरुजी, तो व्हिडिओ मला नका दाखवू, मी विचारतेय तेवढं सांगा — ह्या हेडात ओतलंत काय? पाणी? पाण्याला असला वास येतो? झाकण उघडल्या उघडल्या नाकात गेला माझ्या. नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर हाय हे. हाय ना? मग मघापासून पाणी-पाणी काय चाललंय. बसा. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर लोकांचे फॉर्म हायत — स्टुलावर बसा. आणि कापड्यासारख्या खेड्यात कुठं मिळालं हो तुम्हाला हे? इथनंच नेलंत? म्हणजे पोलादपूरला आलात, माझ्या दारावरनं गेलात, बाजारातून बाटली घेतलीत, कापड्याला जाऊन ओतलीत, आणि आज परत प्रिंटर काखेत मारून माझ्याच दारात. तेव्हाच वळला असतात तर? पण नाय — बाईमाणसाला मशीनमधलं काय कळणार, त्यापेक्षा मोबाईलमधला तो बोलणारा बरा. खोटं बोलतेय का मी? सांगा की.

हे बघा, जवळ येऊन बघा. ह्या खालच्या पत्र्याला भोकं हायत, केसापेक्षा बारीक, डोळ्याला दिसायची पण नायत. शाई तिथनं उतरते. मे महिन्याची सुट्टी लागली, तुम्ही गेलात गावाला — लातूरकडचे ना तुम्ही, बोलण्यावरनं कळलं — आणि हा बिचारा सव्वा महिना बंद खोलीत पत्र्याखाली तापत पडला. शाई वाळली, भोकं बुजली. झालं होतं ते एवढंच. ह्याला औषध काय? धीर. दुसरं काय नाय. टिश्यू पेपराची घडी करायची, बॅटरीत घालतात त्या पाण्यानं भिजवायची — नळाच्या नाय, नळाच्या पाण्यात क्षार असतात — हेडाखाली सारायची आणि आपल्या कामाला लागायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं. नाय सुटलं तर परत. मग सिरिंजला मऊ नळी लावून, तान्ह्या पोराला औषध पाजतात तसं, थेंब थेंब. चार दिवस लागतात, कधी आठ लागतात. आणि तुम्ही? आधी बटणावरचं क्लीनिंग मारत बसलात — किती वेळा? बारा? अहो दर क्लीनिंगला शाई खालच्या स्पंजात जाते, अर्धी टाकी तिथंच मुरली असेल. आणि वर हे. रिमूव्हरनं शाई सुटत नाय, हेड सुटतं. आतला गोंद विरघळतो, पदर सुटतात, ह्या रंगात तो रंग शिरतो, आणि मग कितीही कागद काढा, पट्टे. आडवे पट्टे. पालकांनी वर्गणी काढून घेतलेला ना हा शाळेला? मग कुणाच्या जिवावर घाई केलीत? सोमवारी पोरांना चित्रांचे तक्ते द्यायचे होते — बरं, मग? मंगळवारी दिले असते तर पोरं चित्रं ओळखायची विसरणार होती? घाई झाली की माणूस जे हाताला लागेल ते ओततो. मला काय सांगता. मला माहीत हाय.

कसं माहीत म्हणजे? काम करते म्हणून माहीत. लग्नाआधी महाडला स्टुडिओत होते मी, सहा वर्षं. तेव्हा डार्करूम होती, हे प्रिंटर नव्हते. ते जाऊ दे. शाळेचा प्रिंटर तुमच्या खोलीवर कशाला? शाळेत वीज राहत नाय — खरं हाय. मग खोली कुणाकडं घेतलीय कापड्यात?

कुणाकडं?

मंगेशकडं. पिठाच्या गिरणीला लागून, पुढं ओटा, ओट्याला निळा रंग. तोच. आणि तुम्हाला माहीत नाय मी कोण ते? त्यानंच पाठवलं ना तुम्हाला इथं? काय म्हणाला? नाय, नीट सांगा, शब्द काय वापरला त्यानं — पोलादपूरला एक बाई हाय म्हणाला, का उज्वला म्हणाला? …आमची ताई. आमची ताई दुरुस्त करते, असं म्हणाला. बरा म्हणाला.

सख्खा भाऊ तो माझा. पाठचा. तीन वर्षं झाली मी त्या घराची पायरी चढले नाय, आणि तो लोकांना सांगतो आमची ताई. बसा, उठू नका, तुमचं काम करतेच हाय, हात चालू हायत माझे. गावात तुमच्या कानावर आलंच असेल, उज्वला आयच्या दहाव्याला नाचली म्हणून. तर ऐका खरं काय ते. आमची आय, सोनाबाई. तिनं अंथरूण धरलं तेव्हा मी इथलं सगळं टाकून कापड्याला जाऊन राहिले, चाळीस दिवस. मंगेशच्या बायकोचं तेव्हा बाळंतपण, ती माहेरी, मग आयचं कोण करणार? मी. भरवणं, धुणं, कूस बदलणं. इथं आमच्या ह्यांनी हातानं डाळभात करून खाल्ला, माझा प्रिंटर झाकून होता तो होता. मे महिनाच होता. आय गेली. तिसऱ्या दिवशी मंगेश माझ्यापाशी येऊन बसला, म्हणाला, ताई, दहाव्याला मांडायला फोटो तू कर, दुकानातला नको. मी म्हटलं, करते.

फोटो एकच होता. महाडच्या स्टुडिओत काढलेला आयचा, तो पुरात गेला, त्याची निगेटिव्ह पण चिखलात गेली. राहिला तो माझ्या मोबाईलमधला. पाचाडला गेलो होतो सगळी, आयला किल्ल्याच्या रोपवेत बसायचं होतं एकदा, आणि उतरून आल्यावर खानावळीच्या बाकड्यावर बसून ती पिठलं-भाकरी खात होती — मी हाक मारली, तिनं तोंडात घास असताना वर बघितलं आणि हसली. पदर खांद्यावर पडलेला. हनुवटीवरचं गोंदण असं उठून दिसतंय, तीन हिरवे ठिपके. काळी होती आमची आय. उन्हातान्हात भात लावून काळी झालेली, आणि मूळची पण काळी. तो फोटो मी केला. चांगला केला. आणि दहाव्याला घेऊन गेले तर ओट्यावर काय — चार फुटी फ्लेक्स. महाडहून छापून आणलेला. मागं गुलाब, ढग, आणि मधोमध एक गोरी बाई. ओठ गुलाबी, गाल गुळगुळीत, हनुवटी कोरी. गोंदण पुसलेलं. डाग समजून पुसलं असेल त्या छापणाऱ्यानं. कुणाची आय ती? माझी नाय. ज्या हनुवटीला धरून मी चाळीस दिवस पेज पाजली ती हनुवटी नव्हती ती. सगळी माणसं नदीवरनं परत येत होती, भावकी होती, आणि मी तो फ्लेक्स ओढून खाली घेतला, फाडला. मंगेशला सगळ्यांदेखत म्हटलं, तुला आय काळी होती ह्याची लाज वाटते. आणि माझा फोटो — माझा एवढा मेहनतीनं केलेला फोटो — तो त्यानं माळ्यावर टाकला. भाताच्या कणगीमागं. हे मी सगळ्यांना सांगितलं, पोलादपूरपासून महाडपर्यंत नात्यातलं एक घर सोडलं नाय. सांगू नको? दीड महिना प्रिंटर बंद होता, लाल येत नव्हता, आय हिरवीगार छापून येत होती, दोन दिवस झटले मी त्याच्याशी, थिनर पण —

काय?

कुठलं थिनर. मी म्हटलं थिनर?

…गेटला रंग दिला होता, त्यातलं उरलेलं. अर्धी बाटली. बघताय काय असं? हो, ओतलं. मी ओतलं. दहावा दोन दिवसांवर, भिजत ठेवायला वेळ कुठून आणू? महाडला जाऊन दुकानात काढून आणता आला असता, तासाचं काम — आणि काय सांगू मंगेशला, तू माझ्याकडं मागितलास आणि मी दुकानातून आणला? हट्ट. माझा हट्ट. पहिला कागद चांगला निघाला, लाल आला, मी देवाला हात जोडले. तो कागद छोटा होता, बघायला काढलेला. मोठा काढला आणि पट्टे. कपाळावर एक, डोळ्यांखाली एक, खाली पदरावर तर मोजायला नको. पुढचा काढला, त्याच्यापेक्षा वाईट. त्यातल्या त्यात बरा होता तो फ्रेममध्ये घातला आणि नेला. मंगेशनं वरचं वर्तमानपत्र काढून बघितला, कितीतरी वेळ बघितला, आणि परत नीट गुंडाळून आत घेऊन गेला, माळ्यावर टाकला नाय. एवढंच. फ्लेक्स त्यानं आणलाच नव्हता, चुलतभावानं आणला होता, आदल्या दिवशी, आपणहून. मंगेशनं तो आधी बघितला पण नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. तिथंच, ओट्यावर, फाडायच्या आधी.

हे कुणाला सांगितलं नाय मी. आमच्या ह्यांना पण नाय. तुम्हाला का सांगतेय कळत नाय मला. त्या वासानं डोकं उठलंय.

मागल्या भाऊबीजेला आला होता तो. ह्या इथंच, दारात. मी बोलावलं नव्हतं. ह्यांनी आत ये म्हटलं तरी आत आला नाय, मी म्हणायची वाट बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू केलेला फोटो मधल्या खोलीत लावलाय. पट्टे हायत, पण गोंदण दिसतं." एवढंच बोलला. लोकांत काय काय बोललीस, का बोललीस, एक शब्द नाय. आणि मला काय झालं माहीत हाय? राग आला. आत्ता येतोय त्याच्यापेक्षा जास्त. भांडला असता तर मी भांडले असते, पुरून उरले असते त्याला. मी म्हटलं, झालं का सांगून? मग जा, कापड्याची गाडी चुकेल. ओवाळलं नाय. पाणी विचारलं नाय. तो गेला, आणि मी इथं बसून एका कॉलेजच्या पोराचा प्रिंटर उघडला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाय. ह्या तीन वर्षांत शंभरावर हेडं साफ केली असतील, गुरुजी, एकात पण पाण्याशिवाय दुसरं काय घातलं नाय. लोक म्हणतात उज्वलाताईच्या हाताला यश हाय. माझं ते हेड गेलं ते गेलंच. भंगारात पण दिलं नाय मी, सांगत पण नाय कुठं ठेवलंय.

तुम्ही काय तोंड उघडताय? बघितलाय तुम्ही तो फोटो? रोज बघता — जेवायला त्यांच्याकडंच असता म्हणजे मधल्या खोलीतच बसत असणार. नाय, नका सांगू. कसा दिसतो ते नका सांगू मला. मला माहीत हाय कसा दिसतो.

हे बघा, तुमच्या प्रिंटरचं सांगते. काळा येईल. पिवळा येईल. लालचं मी वचन देत नाय, रिमूव्हर किती आत गेलंय त्याच्यावर हाय. आठ दिवस लागतील, मधे फोन करायचा नाय. आणि आजपासून दर चार दिवसांनी एक रंगीत कागद काढायचा, सुट्टी असली तरी, गावाला गेलात तर मंगेशला सांगून जा, तो काढेल. निघा आता. घरी गेल्यावर तो विचारेल ताई काय म्हणाली. सांगा, प्रिंटर ठेवून घेतला म्हणाली. थिनरचं बोलायचं नाय. अजिबात नाय. ते तुम्ही सांगायचं नाय, ते मला सांगायचंय.

कधी? ते विचारणारे तुम्ही कोण? उठा. दारात उभे राहून उजेड अडवू नका, मला ही भोकं दिसत नायत.