तळ्यातल्या माशाचा गुण

सकाळी सव्वादहाला फार्गोच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश बाई उठून आत गेल्या आणि लाइल टोलेफसनला शिक्षा सुनावणं थांबलं. चोरीचे ट्रॅक्टर परराज्यात विकल्याची कबुली त्याने आधीच दिली होती. बाहेर माझ्या शेजारच्या बाकावर त्याचे म्हातारे वडील आणि बहीण केरिन बसले होते.

"जुन्या गुन्ह्यांचे गुण मोजतात, त्यातल्या एका गुणासाठी अडलंय, बाबा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा एक आहेच. अजून एक लागला की शिक्षेच्या तक्त्यातला पुढचा रकाना. म्हणजे किमान चार महिने जास्त."

"शाळेत कधी मिळाले नाहीत त्याला गुण. दुसरा कशाचा?"

"गोठलेल्या तळ्यातल्या त्या माशाचा."

"बंदीच्या दिवसांत पकडला होता तो?"

"हो. पण मासेमारीचे गुन्हे मोजायचे नाहीत, असं नियमात छापलंय."

"माशांचंही लिहिलंय?"

"दारू पिऊन रस्त्यात पडणं, लिफ्ट मागत फिरणं, तेही मोजत नाहीत."

"बापरे. माणसाची एकेक चूक कुणीतरी बसून तोललीय."

"तेव्हा मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला खोटं नाव सांगितलेलं मात्र मोजतात. त्यासाठी तीस दिवसांची कैद झाली असेल तर."

"एकोणतीस असती तर?"

"तर नाही."

"त्याला तीसच झाली होती."

"पण माशासाठी की नावासाठी? तेच ठरायचंय. जुना निकाल मागवलाय बाईंनी."

"नाव कुणाचं सांगितलं होतं गाढवानं?"

"तुमचं."

"माझ्या नावाचा एक गुण म्हणायचा."

दुपारी बारापर्यंत न्यायाधीश बाई बाहेर आल्या नव्हत्या.