बंड की दरोडा

आळेफाट्याच्या पुस्तकांच्या दुकानात निवृत्त विज्ञानशिक्षिका वैजयंतीबाई पावतीसाठी थांबल्या होत्या. डोळे मिटता येतात, कान नाही. शेजारी तळेघरचे धर्माजी, त्यांची बायको बयाबाई आणि घरीच दहावीचा अभ्यास करणारी मुलगी आरती इतिहासाचं पुस्तक निवडत होते.

“बाबा, ह्यात आपल्या खापरपणज्याच्या टोळीला दरोडेखोर म्हनलंय.”

“आन् त्यात?”

“बंडकरी.”

“मंग तेच घे, डोळं झाकून!”

“आवो, पन परीक्षेत काय लिवायचं तिनं? शिकवायला घरी मास्तर न्हाई.”

“आये, दोन्ही घेऊ. एकच वाचलं तर तेच खरं वाटंल.”

“आन् खापरपणजा दरोडेखोरच निघाला तर?”

“तर तसं लिवीन, बाबा.”

धर्माजींनी दोन्ही पुस्तकं उचलली.

“घे. घरी तुज्या म्हाताऱ्या आजीला मातर बंडाचंच वाचून दाव.”