उमरीला करायचा फोन

आज संक्रांतीचा आदला दिवस. हजर मी, माझं सांगणं लिहून घ्यायला आलेले तुम्ही, आन् दारातली शेळी. मालक शेतात, सासूबाई शेजारी तीळ निवडायला. हे आधी लिहा, मला यादीशिवाय बोलता येत न्हाई.

जन्म जळकोटकडचा, दिली लोह्याकडं. गावात आशाताई म्हणून काम करते. कोण गरोदर, कुणाच्या लेकराची कोणती सुई राहिली, समदं माझ्या वहीत. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत काविळीची सुई, हे किती सासवांना दटावून सांगितलं, काय सांगू तुम्हाला.

मागल्या वर्षी गावात रक्तदान शिबिर होतं, बाया भेत होत्या म्हणून पहिली मीच झोपले खाटंवर. आठ दिवसांनी बोलावणं आलं, ताई, तुमच्या रक्तात पांढरी कावीळ निघाली, हिपॅटायटिस बी. म्हटलं, डोळे पिवळे न्हाईत, भूक लागती, काम रेटून राहिले. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गप बसतो, दर सहा महिन्यांनी तपासत राहा. लहानपणी जत्रेत आम्ही सात पोरी एकाच सुईनं गोंदून घेतलं होतं, सुई नुसती पदराला पुसायची ती बाई. त्यातून आला, का आईकडून जन्मतानाच आला, आता कळायला मार्ग न्हाई.

घरी मीच सांगितलं, हा रक्तातून जातो, सुईतून, ब्लेडातून, नवरा-बायकोत, जन्मताना आईकडून लेकराला. जेवणातून न्हाई, शिवल्यानं न्हाई. मालकाला तपासलं, काही निघालं न्हाई, लसीचे तीन डोस देऊन घेतले. तरी सासूबाईंनी माझ्या ताटाला लाल रंगाचा ठिपका दिला. गंमत बघा, ताट वेगळं, तांब्या वेगळा, आन् नखं काढायचं ब्लेड कोनाड्यात समद्यांचं एकच! ते मी फेकलं तर म्हणतात, चांगलं ब्लेड टाकलीस, लई शिकलीस. तेव्हापासून मागच्या पडवीत एकटी जेवते. बोलायला शेळी हाय.

लेक उमरीला दिलीय. सातवा लागला म्हणून ओटी भरायला गेले, सवयीनं तिचं गरोदरपणाचं कार्ड चाळलं. समदे रकाने भरलेले, पांढऱ्या काविळीचा तेवढा रिकामा. ती माझ्याच पोटची, मला ही कावीळ कधीपासून हाय कुणाला ठाव, तिचं रक्त बघायलाच पायजे. तिच्यात निघालं तर बाळाला जन्मल्याबरोबर दोन सुया द्यायच्या, बहुतेक लेकरं ह्या काविळीपासून वाचतात. एवढंच सांगायचं होतं. पण तिची सासू शेजारी बसलेली, आन् मला लेकीच्या ताटावर लाल ठिपका दिसाया लागला. कार्ड मिटून दिलं.

निघताना लेक म्हणाली, आई, न्यायला कधी येतीस, पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय की. म्हटलं, मला काम लई हाय बाई, औंदा इथंच राहा. माझं ताट तिनं बघू नये म्हणून. ती म्हणाली, गावच्या बायांना दवाखान्यात न्यायला टाइम हाय तुला, मीच जड झाले व्हय? मग एस.टी.पर्यंत माझ्या चार पावलं पुढंच चालली. त्याला महिना झाला.

ही आजची यादी. खालच्या आळीतली दोन लेकरं, झाली. सरपंचांच्या सुनेची तपासणी, झाली. शेवटचं नाव लेकीचं. देवा, तिचं लेकरू सुखरूप येऊ दे. तिच्या नावापुढं झाल्याची खूण करू नका, फोन व्हायचाय अजून.