कोऱ्या करकरीत प्रती

नणंद : टाकलीस? वहिनी, तू आईच्या त्या ऑपेराची छापील पत्रिका रद्दीत टाकलीस?

वहिनी : हळू बोल गं, वर जुन्या पत्रिकांचं प्रदर्शन मांडणारी माणसं आहेत. पत्रिका टाकली नाही. ती काचेच्या कपाटात लावलीय. तिच्यात आईंचं नाव नाही, एवढंच.

नणंद : एवढंच! आणि हे मला आत्ता सांगतेयस? मी कपडेपटात बसून सकाळपासून बटणं लावतेय, फोन तरी करायचास.

वहिनी : ऐकून तर घे. पत्रिका कितीतरी दिवस आधी छापतात, त्यात मोठ्या गायिकेचंच नाव असणार. ऐन प्रयोगाच्या दिवशी तिचा घसा बसला आणि आईंना कोरसमधून पुढे काढलं. मग दुपारी घाईघाईनं चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि दारावरच्या माणसांनी त्या एकेका पत्रिकेत सरकवल्या. नाव असलं तर त्या चिठ्ठीवर.

नणंद : मग चिठ्ठीसकट लाव ना, अडलंय कुठे?

वहिनी : तिथंच तर घोळ झालाय. आमच्या नाट्यगृहाच्या संग्रहाचा नियम असा की प्रत्येक ऑपेराच्या सगळ्यात स्वच्छ पत्रिका ठेवायच्या आणि बाकीच्या जादा म्हणून काढायच्या. मी हौसेनं अगदी कोऱ्या करकरीत निवडल्या. त्या कोऱ्या का राहिल्या, हे आज डोक्यात आलं. त्या विकल्याच गेल्या नव्हत्या. कुणाच्या हातात पडल्याच नाहीत, तर त्यांच्यात चिठ्ठी कोण घालणार?

नणंद : आणि हातात पडलेल्या?

वहिनी : कॉफीचे डाग, घड्या, दुमडलेले कोपरे... त्या मागच्या दाराशी गठ्ठ्यात आहेत. रद्दीची गाडी आज यायचीय.

नणंद : धन्य आहे बाई तुझी! ऊठ. माझी कात्री आहे जवळ, चल.

वहिनी : अगं, जिन्यावर सांभाळून.

नणंद : तू पाय उचल. आई डोळ्यांच्या डॉक्टरकडून परस्पर इकडेच येतेय. मघाशी फोन होता, काचेवर उजेड चमकत नाही ना, बघून ठेव म्हणाली.

वहिनी : मीच बोलून बसले ना, आई, तुमचं छापलेलं नाव दाखवते म्हणून.

नणंद : कशाला बोललीस? दादा तिला कायम चिडवतो, आईचं ते गाणं म्हणजे आपल्या घरातली दंतकथा. ती हसते, आणि मग काहीतरी निमित्त काढून आत जाते. पाहिलंयस की तू.

वहिनी : पाहिलंय म्हणूनच बोलले. या गठ्ठ्याची दोरी कापू नकोस, हा विनोदी ऑपेरांचा. तो खालचा घे.

नणंद : याच्यावर निळी पट्टी आहे.

वहिनी : तोच! एकेक उलटी धरून झटक. जोरात नको, कागद फाटेल.

नणंद : नाही... नाही... यातून तिकीट पडलं. नाही... वहिनी, नसलीच तर?

वहिनी : अशुभ बोलू नकोस. झटकत राहा.

नणंद : ही बघ! पानाला चिकटलीय. सापडली गं बाई, सापडली! वाच, वाच लवकर.

वहिनी : थांब, उजेडात धरते. "मुख्य गायिकेची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे त्यांची भूमिका आज आमच्या कोरसमधील एक गायिका सादर करतील. रसिकांनी सांभाळून घ्यावे."

नणंद : पुढे?

वहिनी : पुढे काही नाही.

नणंद : मागे बघ.

वहिनी : मागे कोरं आहे.

नणंद : एक गायिका? नुसती एक गायिका? अगं, मॅनेजर स्वतः तिला म्हणाला होता, तुझं नाव छापलंय म्हणून! त्या शब्दावर तर ती गायला उभी राहिली त्या दिवशी.

वहिनी : आई पडद्याच्या आत होत्या. चिठ्ठी प्रेक्षकांसाठी. त्यांनी कधी पाहिलीच नाही.

नणंद : फेकून दे ती. आईला सांगू, गाडी येऊन गेली.

वहिनी : संग्रहातला कागद मी फेकू?

नणंद : काल गठ्ठेच्या गठ्ठे फेकलेस, तेव्हा हात नाही कापला! सांभाळून घ्यावे म्हणे. हे तिनं वाचलं तर काय होईल तिचं? बोल ना.

वहिनी : रडू येतंय मला, तू ओरडू नकोस.

आई : काय गं, दोघी रद्दीत फतकल मारून बसलात? वर सगळीकडे शोधलं मी तुम्हांला. शेवटी दरवानानं खाली पाठवलं.

नणंद : आई! एकटी जिना उतरलीस? डोळ्यांत औषध घातलंय ना?

आई : घातलंय, म्हणून तर कठडा धरून आले. अक्षर म्हणशील तर एक दिसत नाही. ते हातात काय आहे? चिठ्ठी ना? त्या दिवशीची?

वहिनी : हो, आई.

आई : सापडली तर! तेवढ्यासाठी चांगली साडी नेसून आले बाई मी. वाच बघू.

नणंद : वर जाऊन वाचू ना, इथे केवढी धूळ आहे.

आई : धुळीचं काय घेऊन बसलीस? वाच गं, सूनबाई.

वहिनी : "मुख्य गायिकेची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे त्यांची भूमिका आज आमच्या कोरसमधील गायिका..."

(वहिनी आईंचं नाव घेते, आडनावासकट.)

वहिनी : "...सादर करतील." झालं, आई. एवढंच आहे.

आई : छान वाचलंस.

नणंद : आई, चल आता वर.

आई : थांब गं. सूनबाई, माझ्या नावाआधी तू श्वास घेतलास.

वहिनी : जिना उतरून आलोय आम्ही, दम लागलाय.

आई : गाण्यात आयुष्य गेलं माझं, दमाचा श्वास मला कळतो. ते खोकं सरकव इकडे, बसते जरा.

वहिनी : आई...

आई : हं. आता छापलंय तेवढंच वाच.