शिवणीतली माया

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेली बाई बाकावर, नंबरची वाट बघत बसलेल्या कडूबाईंच्या शेजारी टेकली आणि तिनं फोन स्पीकरवर लावला. कडूबाईंना ऐकायचं नव्हतं, पण कान थोडेच मिटतात?

"रत्नमालाताई, मी मोनिका. ब्लाऊज झाले का?"

"आत्ताच उसवले. सगळे चार-चार बोटं आत घेते. बारीक व्हायचं ते पोटाचं ऑपरेशन लई मानवलं बघा तुम्हाला!"

"व्हय. सगळे तेच म्हणतात."

"शिवणीत दुमडलेली जादा कापडाची माया कापूनच टाकते. आता कुठं परत जाड होताय?"

"नका कापू."

"का वो?"

"बारीक झाले म्हणून छातीतली गाठ हाताला लागली. कॅन्सर निघालाय. डावी बाजू काढणार म्हणतात. पुढं माझं माप काय राहील, कुणाला ठाऊक."

पलीकडं खडखडणारं शिलाई मशीन थांबलं.

"अगं माय! घरचे काय म्हणाले?"

"घरी नाय सांगितलं. तिथं माझे आधीचे आन् आताचे फोटो सगळ्या पाव्हण्यांना धाडणं चाललंय."

"मग मलाच कसं आधी सांगितलं?"

"तुमच्या हातात कात्री होती, ताई."

पलीकडं कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माया राहू द्या. तेवढी तरी राहू द्या."