नवरीला लागलेला हात

चहा घ्या, सांगते. कुसुम म्हणजे माझी नणंद. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा गेला. आमच्या ह्यांनी बहिणीला हैदराबादेला धाडलं. तिथं एका बाईंच्या दुकानात ती केस बांधायला, चेहरा खुलवायला शिकली. छप्पन साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा ती इथं आपल्या मुरुमला परत आली.

शेजारच्या पाटलीणबाई लगेच दारात. "कुसुम, सोलापूरचं स्थळ हाय. आमची पोरगी शहरातली दिसली पाहिजे बघ."

कुसुमनं नवरी अशी सजवली, की सोलापूरच्या विहीणबाई बघतच राहिल्या. "कुणी केलं हे? आमच्या लेकीला बी तिच्याकडूनच नटवायचं."

नवरीनं खुशीत कुसुमला हाताला धरून पुढं आणलं. विहीणबाईंची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली.

"अगं बाई! रांडमुंडीचा हात लागला व्हय नवरीला?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "म्या कुठं बोलावलं? आपणच शिरली."

आणि त्यांनीच लेकीचं तोंड घंगाळातल्या पाण्यानं खसाखसा धुतलं. पोरगी रडायला लागली. कुसुम आपल्या डब्या गोळा करून परसदारानं घरी आली.

पुढं ती एका फिरत्या नाटक कंपनीत तोंडं रंगवायला लागली. नातेवाइकांनी तिचं नावच टाकलं. मी एकदा भेटायला गेले, तर म्हणाली, "इथं बरं हाय, वैनी. इथली नवरी बी बाप्याच असतो. त्याला माझ्या हाताचं भ्याव वाटत न्हाय."